आवाज डोळ्यांना दाखवा : पार्किन्सन आणि बोलण्याचा व्यायाम

"म्हातारपण आलं, आता पुटपुटतात." "सासूबाई रुसल्या की तोंडातल्या तोंडात बोलतात." वस्तीत घरोघर फिरताना ही वाक्यं मी नेहमी ऐकते. काही घरांत ते खरंही असतं. पण काही घरांत त्यामागे पार्किन्सन असतो. हात थरथरतो म्हणून पेशंटला दवाखान्यात नेतात, गोळी सुरू होते, थरथर थोडी कमी होते आणि सगळ्यांना बरं वाटतं. आवाजाचं मात्र कोणी विचारत नाही. ओपीडीच्या गर्दीत डॉक्टर विचारत नाहीत, घरचे सांगत नाहीत, आणि ज्याचा आवाज बसला आहे त्याचं बोलणं टेबलापलीकडे पोहोचत नाही. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर फक्त आवाजाविषयी लिहिते आहे.

हा आजार लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली नीट वर्णन करून लिहिला, म्हणून त्यांचं नाव त्याला मिळालं. आपल्याकडे कंपवात म्हणतात. मेंदूत खोलवर काही पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात. त्याच्या जोरावर हालचाली सहज होतात. चालताना हात आपोआप हलतात, तोंडात आलेली लाळ नकळत गिळली जाते. त्या पेशी हळूहळू मरत जातात, मग अंग कडक होतं, सगळं संथ होतं, तोल जातो. थरथर पुष्कळांना असते, पण सगळ्यांना असतेच असं नाही. हा आजार संसर्गाने पसरत नाही. ही करणी नाही की बाहेरची बाधा नाही, तेव्हा उतारे-गंडे यांवर पैसा घालवू नका. एवढं बोलून पुढे जाते.

बोलणं हीसुद्धा हालचालच आहे. छातीतून हवा वर येते, घशातले स्वरतंतू एकमेकांना भिडून थरथरतात, जीभ-ओठ-जबडा त्या आवाजाचे शब्द बनवतात. पार्किन्सनमध्ये जसं अक्षर बारीक होत जातं, पावलं आखूड होतात, तसं बोलणंही लहान होतं. आवाज बारीक होतो, घोगरा होतो, त्यात हवा मिसळल्यासारखी वाटते. चढउतार जातात, त्यामुळे प्रश्न विचारला की साधं वाक्य बोललं ते कळत नाही. शब्दांच्या कडा झिजतात, मध्येच शब्दांची धाव सुटते. चेहराही हलत नाही, म्हणून माणूस रागावलेला वाटतो. अमेरिकेत जेरी लोगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली पार्किन्सनच्या २०० पेशंटची तपासणी प्रसिद्ध केली, त्यात ८९ टक्के लोकांच्या आवाजात दोष होता. म्हणजे हा दोष बहुतेकांना गाठतोच.

आपल्या घरांत याचा परिणाम काय होतो ते बघा. सफाई खात्यातून निवृत्त झालेले एक काका रेशन दुकानावर जातात. दुकानदार दोनदा "काय?" म्हणतो. तिसऱ्यांदा काका हात हलवून परत येतात आणि पुढच्या महिन्यापासून नातवाला पाठवतात. बँकेच्या खिडकीवर तेच. फोनवर तेच. पूर्वी विहारात पुढे बसून वंदना घेणारा माणूस आता मागे भिंतीला टेकून बसतो. चालताना तोल जातो आणि बोलणं अडखळतं, म्हणून ज्याने आयुष्यात दारूला हात लावला नाही त्याला लोक पिऊन आलाय म्हणतात. मग माणूस बोलणंच सोडतो. वापरला नाही की आवाज आणखी बसतो.

"मी मोठ्यानेच बोलतोय"

आता मुख्य मुद्दा. घरचे सांगतात, "बाबा, जरा मोठ्याने बोला ना." बाबा म्हणतात, "मोठ्यानेच बोलतोय. तुझे कान तपासून घे." यावरून घरात भांडणं होतात. मला सगळ्या सुना-मुलांना सांगायचं आहे की बाबा खोटं बोलत नाहीत आणि हट्टही करत नाहीत. त्यांना तो आवाज खरंच मोठा वाटतो.

आपण बोलताना मेंदू आपला आवाज सतत तपासत असतो. आजूबाजूला गलका वाढला की आपण नकळत आवाज चढवतो. पार्किन्सनमध्ये हे माप बिघडतं. आवाज कमी निघतो, पण मेंदूला तो पुरेसा वाटतो. अशा माणसाला शिकवून नेहमीच्या आवाजापर्यंत आणलं की तो दचकतो. त्याला वाटतं आपण ओरडतोय, लोक काय म्हणतील. समोरच्याला मात्र ते साधंच बोलणं ऐकू येत असतं. म्हणून "मोठ्याने बोला" असं शंभर वेळा सांगूनही दोन वाक्यांपुरताच फरक पडतो. तिसऱ्या वाक्याला बिघडलेलं माप पुन्हा खाली ओढतं.

अशा वेळी दुसऱ्या साक्षीदाराची गरज असते, आणि तो साक्षीदार म्हणजे डोळे. आवाज किती निघाला हे आकड्याने, काट्याने किंवा दिव्याने समोर दिसलं तर वाद उरत नाही. पार्किन्सनचे काही पेशंट चालता चालता जागेवर खिळतात, पण जमिनीवर आडव्या पट्ट्या मारल्या की त्या ओलांडत चालू लागतात, हे तुम्ही कदाचित पाहिलं असेल. आपोआप होणारी हालचाल अडते, पण डोळ्यांसमोर खूण ठेवून, लक्ष देऊन केलेली हालचाल बरीचशी शाबूत असते. आवाजाचंही काहीसं तसंच आहे.

याचा जुना आणि मला फार आवडलेला प्रयोग स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातला आहे. शीला स्कॉट आणि एफ. आय. केअर्ड यांनी तो १९८३ साली प्रसिद्ध केला. त्यांनी पार्किन्सनच्या २६ पेशंटना त्यांच्या घरी जाऊन दोन ते तीन आठवडे रोज बोलण्याचे व्यायाम दिले. काहींना सोबत 'व्होकलाइट' नावाचं साधन दिलं. आवाजावर चालणारा दिवा, एवढंच ते होतं. बोलणं सुधारलं, शब्द जास्त कळू लागले, आणि त्यातला काही फायदा तीन महिन्यांपर्यंत टिकला. आता दिव्याचं काय? दिवा असलेल्या आणि नसलेल्या लोकांत एकूण फारसा फरक पडला नाही. पण ज्यांचं बोलणं फार बिघडलं होतं, अशा काहींना दिव्याचा जास्त उपयोग झाला. मला यातून दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. काम रोजचा व्यायाम करतो, दिवा त्याला हात देतो. आणि हे मोठ्या हॉस्पिटलात नव्हे, लोकांच्या घरात झालं. कोणी महागडं मशीन विकायला आलं तर ग्लासगोचा दिवा आठवा.

पुढे १९८७ च्या सुमारास अमेरिकेत लोरेन रामिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक ठरलेली पद्धत बसवली. ॲरिझोनातल्या ली सिल्व्हरमन या पार्किन्सन झालेल्या बाईंचं नाव तिला दिलं. त्यांच्या घरच्यांची इच्छा एवढीच होती की त्यांचं बोलणं आपल्याला ऐकू यावं आणि कळावं. ही पद्धत आज 'एलएसव्हीटी लाऊड' नावाने ओळखली जाते. आठवड्याला चार दिवस, चार आठवडे, एकेक तासाच्या १६ बैठका आणि रोजचा घरचा अभ्यास. पेशंटला दहा गोष्टी लक्षात ठेवायला सांगत नाहीत. लक्ष्य एकच असतं, आवाज मोठा. त्याबरोबर तोंड आपोआप जास्त उघडतं आणि शब्दही स्पष्ट होतात. आवाज मोजायचं मीटर समोर असतं. ब्रिटनमध्ये ३८८ पेशंटवर झालेला मोठा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यात या पद्धतीने शिकलेल्यांना आवाजामुळे होणारा त्रास, काहीच उपचार न मिळालेल्यांपेक्षा आणि तिथल्या नेहमीच्या स्पीच थेरपीपेक्षाही कमी झाल्याचं दिसलं. घशावर ताण आल्याच्या तक्रारीही याच गटात जास्त होत्या, हे विसरू नका. पुढे त्यावर बोलते.

घरी करायचा अभ्यास

आधी एक अट. आवाज तीन आठवड्यांहून जास्त काळ घोगरा असेल तर कान-नाक-घसा विभागात एकदा घसा दाखवून घ्या. तंबाखू, मिश्री, विडी, गुटखा घेतलेल्यांनी तर नक्कीच. प्रत्येक घोगरा आवाज पार्किन्सनचा नसतो, आणि घशातल्या गाठीवर ओरडण्याचा व्यायाम करणं धोक्याचं आहे. जमेल तर स्पीच थेरपिस्टला एकदा तरी भेटा, त्यांनी करून दाखवलेलं मोबाइलवर रेकॉर्ड करून आणा आणि मग घरी सुरू करा.

मोबाइलवर आवाज मोजायची 'साउंड मीटर' ॲप फुकट मिळतात. त्यात काटा किंवा आकडा डेसिबलमध्ये दिसतो. ॲपला फक्त माइकची परवानगी द्या. फोटो, फोननंबर मागितले तर दुसरं ॲप घ्या, आणि जाहिरातींवर बोट लावू नका.

शाळेची फूटपट्टी घ्या. ती ३० सेंटीमीटरची असते. मोबाइल तोंडापासून एक फूटपट्टी अंतरावर डब्याला टेकवून उभा करा, काटा पेशंटला दिसेल असा. अंतर रोज तेवढंच हवं. जवळ घेतला की आकडा वाढतो आणि उगीच प्रगती झाल्यासारखी वाटते. वेळ अशी निवडा की गोळीचा असर चालू आहे आणि अंग मोकळं आहे. पाय जमिनीला टेकतील अशा खुर्चीवर ताठ बसवा. टीव्ही बंद करा. खोली गप्प असताना काटा किती दाखवतो ते आधी बघा. शेजारचा मिक्सर किंवा नळावरची गर्दी त्यात मोजली जात असेल तर वेळ बदला. आपल्या वस्तीत दुपारी तीनच्या आसपास सगळ्यात शांत असतं असा माझा अनुभव आहे.

किती आकडा हवा? प्रत्येक मोबाइल वेगळा आकडा दाखवतो, म्हणून पुस्तकातला आकडा घेऊ नका. घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाने तिथेच बसून, त्याच अंतरावरून, समोर बसलेल्याशी बोलावं तसं बोलावं. काटा जिथे राहील ती आपली खूण. पेशंटचा काटा त्याखाली दिसेल. फरक दोन-चार डेसिबलचा असला तरी त्याला कमी समजू नका, कानाला तो बराच जाणवतो. आपल्याला त्या खुणेपर्यंत किंवा तिच्या किंचित वर जायचं आहे. नव्वद गाठायचे नाहीत.

सुरुवात 'आ' ने करा. पोट फुगेल असा श्वास घ्यायचा, तोंड दोन बोटं जाईल इतकं उघडायचं आणि मोठा, स्वच्छ 'आऽऽ' लावायचा. काटा खुणेवर जितके सेकंद टिकेल तितके मोजायचे. असं दहा-बारा वेळा, मध्ये दम खात. मग 'आ' खालच्या सुरातून वर आणि वरून खाली न्यायचा, कारण या आजारात चढउतार हरवतात. त्यानंतर रोज लागणारी दहा वाक्यं. ती पेशंटनेच निवडावीत. "चहा झाला का?" "पाणी आलं का?" "माझी गोळी कुठाय?" "रिक्षा थांबव." "मला पैसे काढायचेत." ही वाक्यं रोज त्याच मोठ्या आवाजात, काटा बघत. मग वर्तमानपत्रातला एखादा परिच्छेद, आणि शेवटी साध्या गप्पा. वाचता येत नसेल तर नातवंडाने एक वाक्य सांगायचं आणि आजीने ते परत म्हणायचं. पाठ असलेलं गाणं किंवा वंदना म्हणून सुरुवात केली तर माणूस खुलतो. पण पाठ असलेलं म्हणताना घाई होते असं मी पाहिलं आहे, म्हणून प्रगती नव्या वाक्यांवरच तपासा.

काट्याकडे बघत बोलायची सवय लागली की माणूस काट्याशिवाय बोलू शकत नाही. बाजारात कोणी काटा घेऊन उभा नसतो. म्हणून पहिल्या आठवड्यानंतर मोबाइलवर रुमाल टाका. पेशंटने वाक्य बोलायचं आणि मग विचारायचं, "बाबा, काटा कुठे गेला असेल?" त्यांनी अंदाज सांगायचा, मगच रुमाल उचलायचा. बिघडलेलं माप नीट होतं ते इथे. अंदाज आणि काटा जुळू लागले की रुमाल जास्त वेळ ठेवा. त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून त्यांनाच ऐकवा. "मी ओरडलो" म्हणणारा माणूस स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकून गप्प होतो, कारण त्यात त्याला साधं बोलणं ऐकू येतं.

आता घशाचा ताण. मोठ्याने बोलायचं म्हटलं की आवाज वरच्या पट्टीत जातो, मान ताठ होते, शिरा दिसू लागतात. नेदरलँड्समधल्या बेर्ट डे स्वार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवलं की 'मोठ्याने पण खालच्या सुरात' असं शिकवलं तरी आवाज तितकाच मोठा होतो आणि सूर वर पळत नाही. मला हे आपल्या लोकांना शिकवायला सोपं वाटतं. भांडणातला आवाज नको, मैदानात पोरांना हाक मारतो तसाही नको. समोरच्या ओट्यावरच्या माणसाला शांतपणे सांगतो तसा हवा. मध्ये घोटभर पाणी. घसा दुखला, आवाज आणखी बसला तर थांबा आणि थेरपिस्टला विचारा.

मोबाइल नसेल तर? आरसा घ्या. तोंड किती उघडतं, चेहरा हलतो का, हे आरसा दाखवतो. आवाजासाठी खोलीच्या दुसऱ्या टोकाला घरातलं कोणी बसवा. ऐकू आलं की हात वर, नाही आलं की हात खाली. तोंडाने "काय? काय?" करण्यापेक्षा हा हात फार बरा, कारण "काय?" ऐकून माणूस खचतो. शब्दांची धाव सुटत असेल तर टेबलावर पाच बटणं ओळीत ठेवून एका शब्दाला एका बटणावर बोट ठेवायला सांगा.

हा अभ्यास रोजचा हवा. रविवारी दोन तास आणि बाकी दिवस काही नाही, याचा उपयोग होत नाही. घरातल्या बाईवरच हे सगळं पडतं, हेही मी जाणते. गोळ्या तिने द्यायच्या, आंघोळ तिने घालायची, आता काटाही तिनेच बघायचा का? हे काम शाळेत जाणाऱ्या पोरांना द्या. मोबाइल त्यांच्या हातात असतोच. वहीत तारीख, सेकंद आणि आकडा ती आवडीने लिहितात.

कुठे जायचं, काय मागायचं

पार्किन्सनच्या गोळीने हात-पाय मोकळे होतात, पण आवाज तेवढा सुधारेलच असं नाही. म्हणून गोळी वाढवून मागू नका आणि स्वतःहून बंद तर मुळीच करू नका. ओपीडीत स्पष्ट शब्दांत सांगा, "आम्हाला स्पीच थेरपीची चिठ्ठी द्या." मागितल्याशिवाय ती मिळत नाही. मुंबईत नायर हॉस्पिटलमध्ये आणि वांद्रे इथल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत, पुण्यात भारती विद्यापीठात हे शिक्षण आणि उपचार चालतात. मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आणि पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ पेशंट आणि घरच्यांना एकत्र आणतात. दूर राहणाऱ्यांनी व्हिडिओ कॉलवर बैठका मिळतील का ते विचारावं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या संशोधकांनी २०११ साली दाखवलं की ही पद्धत ऑनलाइन शिकवली तरी समोरासमोर शिकवल्याइतकाच गुण येतो.

पाणी पिताना ठसका लागत असेल, जेवताना घास अडकत असेल, जेवल्यावर आवाज ओला-गुरगुरता येत असेल, तर ते थेरपिस्टला आधी सांगा. आवाजाचे आणि गिळण्याचे स्नायू शेजारी-शेजारी आहेत. घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होणं हे या आजारातलं मोठं संकट आहे, आणि गिळण्याचा उपचारही स्पीच थेरपिस्टच करतात.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यात पार्किन्सनचं नाव आहे. पुष्कळांना वाटतं की दिव्यांगाचं कार्ड फक्त पाय नसलेल्याला किंवा अंधाला मिळतं. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करा. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के अपंगत्व लागतं. तपासणीला गेल्यावर थरथरीबरोबर बोलण्याचा आणि गिळण्याचा त्रासही सांगा. पेशंटने हळू आवाजात "बरा आहे" म्हटलं आणि कागदावर तसंच लिहिलं गेलं, असं होऊ देऊ नका.

त्या दिवशी सोबत मोबाइलवर दोन रेकॉर्डिंग न्या. एक घरातलं, नेहमीच्या बोलण्याचं, मिनिटभर. ओपीडीत माणूस सावरून बसतो आणि थोडा वेळ चांगलं बोलतो, मग डॉक्टरांना खरा त्रास दिसत नाही. दुसरं, घरात कोणाच्या लग्नाचा किंवा जयंतीचा जुना व्हिडिओ असेल आणि त्यात बाबांचा किंवा आईचा आवाज असेल, तर तो. पूर्वी आवाज कसा होता आणि आता कुठवर न्यायचा आहे, हे थेरपिस्टला त्यातून कळतं.